मागीलदाराने जा, ताई

या वेळचं पत्र वेंगुर्ले तालुक्यातून आलंय. ताईंनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून गावाचंही नाव गाळते. पत्र मोठं आहे, त्यातला हा भाग:

"माई, नमस्कार. वय ६०. डोंबिवलीत ३४ वर्षं संसार केला, बँकेत नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी यजमानांच्या इच्छेखातर त्यांच्या गावच्या घरी राहायला आलो. घर छान आहे, माणसं चांगली आहेत, कुणाविषयी तक्रार नाही. पण मैत्रीण म्हणावी अशी एकही बाई नाही. माझं माहेर शेजारच्याच गावात. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण याच वाडीत दिलेली आहे. येताना वाटलं होतं, आता हिच्याशी पोटभर बोलू. तर ती मला 'मॅडम' म्हणते! गेले की खुर्ची पुसून देते, कपाटातले कप काढते. मी मिठाईचा बॉक्स दिला की दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा फणस नाहीतर चार नारळ आणून ठेवतो. वाडीतल्या बायका माझ्याकडे येतात, पण कुणाचा पेन्शनचा फॉर्म असतो, कुणाचं केवायसी. मी आनंदाने करून देते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझी साठी झाली. चौघींना चहाला बोलावलं. एकच आली, तीही दहा मिनिटांत उठली. त्या रात्री ८.१४च्या लोकलच्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणींची फार आठवण आली. या वयात नवी मैत्री होते का हो?

दुसरं लिहायला संकोच वाटतो. सकाळी चहा घेऊन मी पडवीत बसते ती तास-दीड तास उठत नाही. पाववाल्याचा भोंगा ऐकते, पाऊस बघते. त्यात इतकं सुख वाटतं की अपराधीच वाटायला लागतं. यजमान विचारतात, एवढं काय बघतेस? मला उत्तर देता येत नाही. हा आळस तर नव्हे?"

ताई, साठीच्या शुभेच्छा, उशिरा का होईना. आधी त्या चहाचंच बोलू, कारण तोच काटा तुम्हाला जास्त सलतोय असं दिसतं.

जुलैचा पहिला आठवडा म्हणजे ऐन भातलावणी. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायचा, जुड्या बांधायच्या, चिखलात दिवसभर वाकून लावायचा. पाऊस हवा तसा पडला की त्या दिवशी मळा उरकावाच लागतो, तो उद्यावर ढकलता येत नाही. मजुरीला माणसं मिळत नाहीत, म्हणून आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे अशी आळीपाळी चालते, आणि आपली पाळी चुकवून चहाला जाणं कुठल्याच बाईला शोभत नाही. पहाटे भाकऱ्या थापून ती घराबाहेर पडते, संध्याकाळी कंबर धरून परतते, मग गुरं, मग रात्रीचा स्वयंपाक. तुम्ही बोलावलंत आणि तिघी आल्या नाहीत, त्याचं कारण त्या चिखलात आहे, तुमच्यात नाही. आणि जी एक आली, ती बहुतेक मळ्यातून उठून, पाय धुऊन, साडी बदलून आली असेल. त्या दहा मिनिटांसाठी तिने काय काय सारलं असेल याचा विचार करा. पत्रात तुम्ही तिच्याविषयी एकच ओळ लिहिलीत. माझ्या मते सगळ्यात आधी तिच्याकडे जायला हवं.

आता मैत्रीचं. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि एक गोष्ट ठळक दिसली. दोन वर्षांत तुम्ही वाडीला खूप काही दिलंत. फॉर्म भरून दिलेत, मिठाई दिलीत, केवायसी करून दिलंत, नोव्हेंबर आला की हयातीचे दाखलेही तुम्हीच बघत असणार. पण तुम्ही कुणाकडे काही मागितल्याचं पत्रात कुठे नाही. साधी कढीपत्त्याची डहाळीसुद्धा नाही. जी बाई फक्त देते आणि कधीच काही मागत नाही, तिच्याशी माणसं आदराने वागतात. खुर्ची पुसून देतात. मॅडम म्हणतात. तिचं ऋण अंगावर राहू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी फणस पाठवतात. तुमच्या मैत्रिणीचा स्वाभिमान जागा आहे, एवढाच त्या फणसाचा अर्थ. तिने तुम्हाला परकं केलेलं नाही. मिठाईच्या बॉक्सने तुमच्याकडून हिशेब मांडला गेला, तिने तो चुकता केला.

आठवा, डोंबिवलीच्या गाडीत तुमच्या मैत्रिणी कशा झाल्या? पहिल्या दिवशी तुम्ही कुणाला पेढे वाटले होते का? तिथे ओळखीचा पहिला शब्द असतो "कुठे उतरणार?" म्हणजे सरळ जागेची मागणी! मग "जरा सरकता का" म्हणून तिघींच्या बाकावर चौथी सीट मागायची. मग कुणीतरी म्हणतं, माझी पिशवी वर ठेवता? कुणी म्हणतं, पिन आहे का गं, निऱ्या सुटल्यात. अशा मागण्यांतूनच पुढे भाजी निवडणं आलं, डबे आले, डब्यातलं हळदीकुंकू आलं. दुखणीखुपणी आली, एकमेकींच्या पोरींची लग्नं आली. तिथे रोज कुणापुढे तरी हात पसरावा लागत होता, आणि तुम्ही तो मोकळेपणाने पसरत होता. गावी आलात ती पेन्शन, गॅस आणि फ्रिज घेऊन. कुणाची गरजच उरली नाही. तेवढीच एक अडचण आहे, आणि ती सुटण्यासारखी आहे.

तेव्हा मागा. उद्यापासून.

काय मागायचं? अगदी बारीकसारीक. विरजण मागा. तुमच्याकडे दही असलं तरी मागा. तिच्या घरचं दही निराळं लागतं, हे कारण पुरेसं आहे आणि खरंही आहे. पावसाळ्यात आंबोळीचं पीठ फुगत नाही, ते काय करतेस म्हणून विचारा. चुलीच्या उबेला ठेव म्हणेल, किंवा मेथ्या वाढव म्हणेल, किंवा तुमचं पीठ बघायला स्वतःच येईल. तिसरं झालं तर फारच बरं. आता १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठली, होड्या बाहेर पडू लागल्यात. श्रावण पाळत नसाल तर मासे घ्यायला एकट्या जाऊ नका, तिला सोबत मागा. ती पाळत असेल तर श्रावण सरल्यावर मागा. ३४ वर्षांत तुमचा हात मोडला असणार. तिचा नाही मोडलेला. ती बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून आतला लाल रंग बघेल, पाठीवर अंगठा दाबून मास घट्ट आहे का बघेल, आणि कोळणीशी असा काही भाव करील की तुम्ही बघत राहाल. तिला जे उत्तम येतं ते तिला तुमच्यासाठी करू द्या. आजवर ती तुमच्यासमोर फॉर्म भरता न येणारी बाई म्हणून बसली. एकदा तुम्ही तिच्यासमोर मासे न ओळखता येणारी बाई म्हणून उभ्या राहा.

मागायला जाल ते पुढच्या दाराने नको. आपल्याकडे पुढून येतो तो पाहुणा, मग तो कितीही जवळचा असो. खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, चढलं की घरची बाई पदर सावरते, माजघरातून खुर्ची येते, कपाटातले कप निघतात. आणि माणूस मागीलदाराने आलं की तिथे चूल असते, पाण्याचं पिंप असतं, ओलं सरपण असतं, भांडी घासायची दगडी असते. तिथे कुणी कुणासाठी उठत नाही. घरची बाई आहे त्या हाताने काम करत राहते आणि पाट पायाने सरकवून म्हणते, बस गो. तुम्हाला तो पाट हवाय. वेळही तीच धरा जेव्हा बाया मोकळ्या असतात: दुपारी जेवणं आटोपून भांडी पालथी पडली की चारचा चहा होईपर्यंत. आपल्याकडे गजाली, म्हणजे गप्पा, तेव्हाच होतात. आणि हातात काहीतरी काम घेऊन जा. मोकळ्या हाताने आलेल्या बाईकडे लक्ष द्यावं लागतं, काम घेऊन आलेलीकडे द्यावं लागत नाही. तांदूळ निवडायला घ्या, वाती वळायला घ्या.

आणि सध्या तर फारच चांगलं काम समोर आहे. गोकुळाष्टमी जवळ आली. त्या दिवशी आपल्याकडे आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी होते. शेवगा तुमच्या परसात असेलच, नसला तर तिच्याकडे मागा. ही भाजी दोन घासांची आणि निवडायला तासाची. डहाळीचं टोक डाव्या हातात धरायचं, उजव्या हाताची चिमूट वरून खाली ओढत आणायची, की बारीक पानं मुठीत गोळा होतात. पण त्यांच्याबरोबर देठांच्या काड्याही येतात, आणि त्या वेचताना डोळे दुखतात. काडी राहिली की जेवताना दातात अडकते आणि सगळं घर बोलतं. एकटीने निवडायला बसलं की हे काम संपत नाही. दोघी समोरासमोर सुपं घेऊन बसल्या की हात आपोआप चालतात आणि तोंड मोकळं राहतं. त्यातही समोरच्या माणसाकडे बघायचं नसतं, नजर सुपात असते. अवघड गोष्टी अशाच वेळी बोलल्या जातात. शाळेतल्या बाईंची नक्कल निघेल, नदीवरचं निघेल, आणि मग कदाचित तुमच्या मैत्रिणीने इतक्या वर्षांत कुणालाच न सांगितलेलं काहीतरी निघेल. तेव्हा सल्ला देऊ नका. काड्या वेचत राहा.

डब्याचंही सांगते, छोटीशीच गोष्ट आहे पण कामाची. मिठाईचे बॉक्स बंद करा. घरी केलेलं काहीही, कुळथाचं पिठलं का असेना, तुमच्या स्वतःच्या स्टीलच्या डब्यातून पाठवा, झाकणावर तुमचं नाव घातलेलं असेल तर उत्तम. पुठ्ठ्याचा बॉक्स चुलीत जातो, नावाचा डबा परत द्यावा लागतो. आणि आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. त्यात चार आमसुलं येतील, मूठभर काजूगर येतील, कधी नुसती साखरही येईल. मग तुम्ही पुन्हा भरून पाठवायचा. हा हिशेब कधीही चुकता होऊ द्यायचा नाही. कधी तिचं देणं तुमच्याकडे राहील, कधी तुमचं तिच्याकडे. राहू दे.

बोलीचं एक. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मालवणी समजते पण बोलताना अडखळते, म्हणून शुद्ध बोलता. तसं करू नका. "वायच विरजण दी गो" एवढं तरी नक्कीच येत असेल. उच्चार चुकला तर त्या हसतील. हसू द्या, तुम्हीही हसा. हसल्यानंतर मॅडम म्हणणं अवघड जातं. आणि मैत्रिणीला तिच्या शाळेतल्या नावाने हाक मारा, लग्नातल्या नावाने नको. सासरी ते नाव घेणारं आता तुमच्याशिवाय कोण असणार?

हे सगळं करूनही तिच्याशी सूर जुळला नाही तर? शक्य आहे. ४० वर्षांत माणूस बदलतं, तिच्या घरची ओझी तुम्हाला ठाऊक नाहीत. महिनाभर बघा आणि मनावर घेऊ नका. शाळेतल्या आठवणींवर तिने उरलेलं आयुष्य तुमच्या स्वाधीन करावं अशी अपेक्षा धरणं तिच्यावरही जड जाईल. मला त्या दहा मिनिटवालीकडून फार आशा आहे.

शिवाय पुढे गणपती आहेत. लावणी संपली, कापणीला अवकाश आहे, त्यामुळे बायकांना श्वास घ्यायला मिळतो तो याच दिवसांत. फुगड्यांच्या तालमी श्रावणापासूनच कुणाच्या तरी पडवीत सुरू होतात. तुमच्या वाडीत कुठे होतात ते विचारा आणि जाऊन उभ्या राहा. गुडघे साथ देत नसतील तर फुगडी घालू नका, पण फेर धरता येतो, गाणं उचलता येतं, आणि जुनी गाणी पाठ असलेली बाई प्रत्येक घोळक्याला हवी असते. शाळेत असताना म्हटलेली गाणी तुम्हाला आठवतील, पहिली ओळ कुणी म्हटली की पुढच्या येतात. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला कवंडळं, शेरवडं, तेरडा गोळा करायला पोरं रानात निघाली की त्यांच्याबरोबरही जा, काठावरूनच का होईना. फक्त एक पथ्य पाळा: वर्गणीचा हिशेब लिहायचं काम या वर्षी अंगावर घेऊ नका. बँकेतल्या म्हणून ते तुमच्याकडेच येणार. हात जोडून सांगा, या वर्षी मला नाचायचंय.

आता पडवी.

ताई, तो आळस नव्हे. ३४ वर्षं तुमची सकाळ गजराने सुरू झाली आणि ८.१४ने तिचा शेवट केला. त्यातला चहा उभ्याने, ओट्याशी, डबे भरता भरता प्यायलेला. अंगाला सवय झालीय की सकाळी बसणं म्हणजे कुणाची तरी वेळ चोरणं. म्हणून सुखाच्या पाठोपाठ अपराधीपणा येतो. ती सवय जायला वेळ लागेल, तोवर बसत राहा. पाववाल्याचा भोंगा लांबून ऐकू येतो, मग वळणावर सायकल दिसते, मागच्या टोपलीवरचं निळं प्लॅस्टिक दिसतं, तो पायाने सायकल टेकवून प्लॅस्टिक उचलतो आणि उबेचा वास आपल्यापर्यंत येतो. त्यातला पाव अजून गरम असताना चहात बुडवायचा. याहून चांगलं काम सकाळी सात वाजता दुसरं कुठलं आहे, मला तरी माहीत नाही. मी मालवणात राहते, आणि पावसाळ्यात माझीही सकाळ अशीच जाते. दहा वाजता उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याचं लोणचं, मग दिवस सुरू.

यजमानांना उत्तर देऊ नका. आणखी एक खुर्ची टाका आणि त्यांच्या हातात कप द्या. पहिल्या दिवशी ते पेपर काढतील. काढू दे. आठवड्याभरात त्यांनाही नारळावरची खार दिसायला लागेल, धनेश कुठल्या फांदीवर उतरतो ते तुमच्याआधी तेच सांगतील.

तुमच्या सुखात मी एकच बदल सुचवते. खुर्ची पडवीच्या आतल्या बाजूला न ठेवता पाऊस उघडला की खळ्याच्या कडेला, गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, आणा, जिथून पाणंद दिसते. सकाळी त्या पाणंदीने कोण कोण जातं: दूध घालायला जाणारी, फुलं तोडणारी, पोरांना एसटीवर सोडणारी. तुम्ही आत बसलात की त्यांना तुमचा बंद असल्यासारखा दरवाजा दिसतो. गडग्याशी बसलात की त्या थांबतील. "काय गो, बसलंस?" एवढंच म्हणतील, त्याला उत्तर म्हणून काही मोठं बोलायची गरज नाही. "खय चललंस?" पुरे. आणि मधूनमधून, आठवतंय ना, काहीतरी मागायचं. जास्वंदीची एक काडी लावायला आणून दे म्हणावं. ती आणेल, मग ती जगली का हे बघायला रोज थांबेल.

ऑक्टोबरात रापणी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी, लागल्या की एखाद्या सकाळी किनाऱ्यावरही जा. रापण ओढताना दोरीला हात लावला की निघताना पिशवीत तारली, मांदेली पडते. फार जोर लावू नका, कंबर जपा.

डोंबिवलीच्या मैत्रिणींना विसरा असं मी मुळीच म्हणणार नाही. त्या राहू देत, त्यांचा ग्रुपही राहू दे. पण रोज रात्री तिथले फोटो बघून डोळ्यांत पाणी आणण्यापेक्षा त्यांना इकडे बोलवा. गणपतीत नको, गणपतीच्या गाड्या आरक्षण उघडल्याबरोबर भरतात. कार्तिक पौर्णिमेनंतर बोलवा. पाऊस संपलेला असतो, मासे भरपूर असतात, गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात. तिकिटं ६० दिवस आधी काढता येतात, तेव्हा तारीख आजच कॅलेंडरवर धरा. "कधीतरी या" म्हटलं की कुणी येत नाही. "अमुक दिवशी सावंतवाडी स्टेशनवर घ्यायला येते" म्हटलं की येतात. त्यांच्याकडेही काहीतरी मागा, तुमच्या जुन्या दुकानातली भाजणी, नाहीतर कुणाच्या हातचा मेतकूट.

त्या आल्या की इथल्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा की सहा जणींचं जेवण मला एकटीला जमायचं नाही, या मदतीला. नारळ खवायला एक, घावणे घालायला एक. आणि त्या आठवड्यात जवळपास कुठे जत्रा असेल तर सगळ्यांना घेऊन जा. तिथलं गोड खाजं घ्या. दशावताराचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा चटया जास्तीच्या न्या आणि शालीही. डोंबिवलीवाल्यांना उघड्यावरची थंडी सोसत नाही.